जीआयएसचा पहिला पेपर: विद्यार्थ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

बी.ए. आणि बी.एस्सी.च्या मुलांना मी जीआयएसचं, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचं (जिऑग्राफिक इन्फर्मेशन सिस्टीम) प्रॅक्टिकल शिकवते. दर सत्राला तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. बहुतेक प्रश्न जर्नल जमा करायच्या आदल्या रात्री येतात, सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो असतो. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांना धरून लिहिली आहेत आणि सॉफ्टवेअर क्यूजीआयएस गृहीत धरलं आहे.

माझा एक आग्रह सगळ्या उत्तरांत दिसेल: पहिला नकाशा ओळखीच्या मुलखाचा करा. परदेशातल्या कुठल्यातरी शहराच्या तयार डेटावर सराव केला, तर चूक झालेली कळतही नाही. आपल्या गावची विहीर ओढ्याच्या पलीकडच्या काठाला दिसली, की मात्र त्याच क्षणी कळतं.

१. जीआयएस म्हणजे नेमकं काय? गूगल मॅप्स म्हणजे जीआयएसच ना?

जागा आणि त्या जागेची माहिती एकमेकांना बांधून ठेवायची आणि त्यावर प्रश्न विचारायचे, यासाठीची व्यवस्था म्हणजे जीआयएस. तालुक्याच्या नकाशावर शाळांचे ठिपके दिले, तर तो नकाशा झाला. प्रत्येक ठिपक्यामागे पटसंख्या, शिक्षक, पाण्याची सोय अशी ओळ जोडली आणि ‘पक्क्या रस्त्यापासून दोन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा दाखव’ असं विचारता आलं, की ते जीआयएस. गूगल मॅप्सच्या मागे अशी व्यवस्था आहेच, पण त्यात प्रश्न ठरलेले असतात. आपला प्रश्न आपण विचारायला शिकणं हा या पेपरचा गाभा आहे.

हा विचार संगणकाच्या आधीचा आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी कुठल्या घरात किती मृत्यू झाले ते नकाशावर मांडलं आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती झालेली दाटी दाखवून दिली. संगणकावरची पहिली मोठी प्रणाली १९६० च्या दशकात कॅनडात जमिनीच्या नोंदींसाठी उभी राहिली, ती रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने. व्हायवात ‘जीआयएसचे जनक कोण’ असं विचारलं, तर त्यांचंच नाव अपेक्षित असतं.

२. मी बारावीला कॉमर्सला होतो, कोडिंग येत नाही. हा पेपर झेपेल का?

झेपेल. पहिल्या पेपरला कोडिंग लागत नाही. लागतात तीन गोष्टी: अक्षांश-रेखांशांची पक्की समज, एक्सेलमधला तक्ता नीट ठेवायची सवय आणि चिकाटी. कॉमर्सची मुलं तक्त्यांत चांगली असतात आणि प्रश्न १३ मधली चूक त्यांच्याकडून कमी होते, हा माझा अनुभव आहे. अक्षांश आडवे की उभे यात अजून गोंधळ होत असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी शाळेचा अ‍ॅटलास घेऊन तासभर बसा.

३. लॅपटॉप कसला घ्यावा? आर्कजीआयएस शिकू की क्यूजीआयएस?

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. नवा घ्यायची ऐपत नसेल, तर कॉलेजच्या लॅबमध्ये काम करा आणि फाईली पेनड्राइव्हवर ठेवा. त्याने काही अडत नाही.

क्यूजीआयएस मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं आणि आता जगभरचे लोक मिळून ते सांभाळतात. आर्कजीआयएस एस्री या कंपनीचं आहे आणि त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. कॉलेजने परवाना घेतला असेल तर जरूर वापरा, पण घरी गेल्यावरही हात चालू राहावा म्हणून क्यूजीआयएस शिकून ठेवा. बटणांच्या जागा बदलतात, संकल्पना त्याच राहतात. डाउनलोड करताना सर्वांत नवी आवृत्ती न घेता ‘एलटीआर’ (लाँग टर्म रिलीज) लिहिलेली घ्या. ती जास्त काळ सांभाळली जाते आणि वर्गात सगळ्यांचा स्क्रीन सारखा दिसतो.

४. व्हेक्टर आणि रास्टर यातला फरक व्हायवात कसा सांगू? पुस्तकातली व्याख्या पाठ होते, पण समजत नाही.

व्हेक्टर म्हणजे बिंदू, रेषा आणि बहुभुज: हातपंप, ओढा, गावाची हद्द. रास्टर म्हणजे सारख्या चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात एक आकडा: उंची, तापमान, उपग्रहाने टिपलेला प्रकाश. ज्याला ठाम कडा आहे ते व्हेक्टरमध्ये आणि जे सलग बदलत जातं ते रास्टरमध्ये सोयीचं पडतं.

व्हायवात उदाहरण द्यायचं तर आपल्या सह्याद्रीचं द्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात सगळा घाट पाच मिनिटं गुणिले पाच मिनिटं अशा चौकोनांत विभागला होता. एक चौकोन सुमारे ९ किलोमीटर बाजूचा. त्यानंतर आलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये २४ मीटर तपशिलाची उपग्रह माहिती घेतली आणि संवेदनशील क्षेत्र गावागणिक सांगितलं. नऊ किलोमीटरच्या एका चौकोनात देवराई, भातखाचरं, धरण आणि बाजाराचं गाव सगळंच येतं. मग त्या चौकोनाला एक आकडा देताना काय दिसतं आणि काय झाकलं जातं? दोन्ही अहवालांवरून झालेल्या वादाची कारणं अनेक आहेत, पण चौकोन केवढा घ्यायचा हा तांत्रिक वाटणारा निर्णय गावातल्या माणसापर्यंत कसा पोचतो, हे यातून लख्ख दिसतं. एवढं सांगितलंत, तर परीक्षक पुढची व्याख्या विचारणार नाहीत.

५. डेटा कुठून आणायचा? फुकट आणि खात्रीचा हवा.

टोपोशीट (उंची, नद्या, रस्ते, वस्त्या दाखवणारे तपशीलवार नकाशे) आणि प्रशासकीय सीमांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं ऑनलाईन पोर्टल आहे. तिथे नोंदणी करावी लागते. हा विभाग १७६७ पासूनचा आणि देशाच्या अधिकृत सीमा त्याच्याच. इस्रोच्या ‘भुवन’वर कार्टोसॅटपासून बनवलेलं उंचीचं रास्टर मिळतं. लँडसॅटच्या प्रतिमा २००८ पासून सगळ्यांना मोफत आहेत, तपशील ३० मीटर. सेंटिनेल-२ चा तपशील १० मीटर आणि त्याही मोफत. रस्ते आणि इमारतींसाठी ओपनस्ट्रीटमॅप घ्या, मात्र नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचा उल्लेख करणं बंधनकारक आहे. लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेचे तक्ते.

डाउनलोड केलं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: कुठून घेतलं, कोणत्या तारखेला आणि तो डेटा कोणत्या वर्षाचा. महिन्याभराने हे आठवत नाही आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

६. मित्राला शेपफाईल पाठवली, त्याच्याकडे उघडतच नाही. माझ्याकडे तर चालते!

तुम्ही त्याला फक्त .एसएचपी पाठवली. शेपफाईल नावाला एक, पण प्रत्यक्षात चार-पाच फाईलींचं बिऱ्हाड असतं: आकार .एसएचपी मध्ये, अनुक्रमणिका .एसएचएक्स मध्ये, तक्ता .डीबीएफ मध्ये, निर्देशांक पद्धत .पीआरजे मध्ये. एक मागे राहिली की घर अर्धवट. सगळ्यांची झिप करून पाठवा.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे ‘जिओपॅकेज’ या प्रकारात साठवणं. सगळं एकाच फाईलीत राहतं, शिवाय प्रश्न १४ मधली मराठीची अडचणही सुटते.

७. काल रात्री पूर्ण केलेलं डिजिटायझेशन आज प्रोजेक्ट उघडल्यावर गायब!

दोन शक्यता आहेत. एक, लेअरच्या (नकाशावरच्या एका थराच्या) नावापुढे छोट्या चिपचं चिन्ह होतं, म्हणजे ती तात्पुरती लेअर होती. अशी लेअर फक्त संगणकाच्या स्मृतीत असते, प्रोग्रॅम बंद केला की गेली. ती परत येत नाही, तास-दोन तासांचं काम पुन्हा करावं लागतं. मुलांना या कारणाने रडवेलं झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून कळकळीने सांगते: बफर (एखाद्या गोष्टीभोवती ठरावीक अंतराचा पट्टा), क्लिप (हद्दीपुरतं कापणं) काहीही केलं की त्या चिन्हावर क्लिक करून लगेच फाईलीत साठवा.

दुसरी शक्यता दिलाशाची आहे. प्रोजेक्टच्या फाईलीत डेटा नसतो, डेटा कुठे ठेवला आहे त्याचा फक्त पत्ता असतो. तुम्ही फोल्डर हलवला किंवा लॅबच्या संगणकावरून फक्त प्रोजेक्ट फाईल घरी आणली, तर पत्ता चुकतो. सुरुवातीपासून एकच फोल्डर करा, त्यात प्रोजेक्ट आणि डेटा दोन्ही ठेवा, आणि नेताना पूर्ण फोल्डर न्या.

८. ४३२६, ३२६४३, ३८५७ हे आकडे कसले? यातला कोणता निवडायचा?

हे निर्देशांक पद्धतींचे (सीआरएसचे) ईपीएसजी क्रमांक आहेत, म्हणजे प्रत्येक पद्धतीला दिलेला ठरलेला आकडा. या एका प्रश्नात अर्धा पेपर आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ वरचे साधे अक्षांश-रेखांश, मोजमाप अंशांत. मोबाईलचा जीपीएस हेच देतो. जागा सांगायला उत्तम, पण अंतर मोजायला निरुपयोगी, कारण एक अंश म्हणजे किती मीटर हे जागेवर अवलंबून असतं. पुण्याच्या आसपास उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५.

३२६४३ म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर. इथे पृथ्वीचा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला पट्टा सपाट कागदावर आणलेला आहे आणि मोजमाप मीटरमध्ये आहे. गोवा संपूर्ण या झोनमध्ये येतो. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि बहुतेक मराठवाडाही यातच. अंतर, क्षेत्रफळ, बफर यांसाठी हा वापरा.

३८५७ म्हणजे वेब मर्केटर. इंटरनेटवरचे पार्श्वभूमीचे नकाशे यात असतात. पाहायला ठीक, मोजायला नाही. आपल्या अक्षांशांवर यात क्षेत्रफळ ७ ते १६ टक्के फुगतं. त्याचा परिणाम प्रश्न २० मध्ये दाखवला आहे.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. क्यूजीआयएसमध्ये ‘सेट लेअर सीआरएस’ आणि ‘रीप्रोजेक्ट लेअर’ अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने फक्त पाटी बदलते, आतले आकडे तेच राहतात. दुसरीने आकडे खरोखर नव्या पद्धतीत मोजून नवी फाईल तयार होते. ४३२६ मधल्या लेअरवर ३२६४३ ची नुसती पाटी लावली, तर ७३.८६ अंश हे ७३.८६ मीटर समजले जातात आणि तुमचं गाव विषुववृत्ताजवळ समुद्रात जाऊन पडतं. पाटी चुकीची असेल किंवा नसेलच, तरच पहिली वापरा. बाकी सगळीकडे दुसरी.

९. मी यवतमाळची आहे. आमचा जिल्हा झोन ४३ मध्ये की ४४ मध्ये?

दोन्हींत. ७८ अंश रेखांश यवतमाळ जिल्ह्यातून जातो. आपला झोन काढायची सोपी रीत: रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा आणि पुढचा पूर्णांक घ्या. नागपूर ७९.१ अंशांवर, २५९.१ भागिले ६ म्हणजे ४३.१८, म्हणून झोन ४४. वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली यांनाही ४४, म्हणजे ईपीएसजी ३२६४४.

जिल्हा दोन झोनमध्ये विभागला असेल, तर ज्यात जास्त भाग येतो तो झोन सगळ्या जिल्ह्याला वापरा. कडेबाहेर अंशभर गेल्याने येणारी चूक किलोमीटरमागे दोन मीटरच्या आत असते, पदवीच्या कामाला ती चालते. दोन तुकडे दोन झोनमध्ये करून मग जोडायला मात्र जाऊ नका. संपूर्ण राज्याचा नकाशा करायचा असेल, तर सीआरएसच्या यादीत ‘महाराष्ट्र’ टाकून शोधा, राज्यासाठी बेतलेलं लॅम्बर्ट शंकू प्रक्षेपण सापडेल.

१०. ५०० मीटरचा बफर काढला तर सगळा स्क्रीन एकाच रंगाने भरला. असं का?

कारण तो ५०० मीटर नसून ५०० अंश झाला. तुमची लेअर ४३२६ मध्ये आहे. बफरच्या खिडकीत आकड्याच्या शेजारचं एकक वाचा, तिथे ‘डिग्रीज’ लिहिलेलं असणार. काही जण हुशारीने ०.००४५ टाकतात, कारण ५०० मीटर म्हणजे साधारण तेवढे अंश. पण मग पूर्व-पश्चिम अंतर ४७५ मीटरच भरतं, म्हणजे जमिनीवर वर्तुळ दबलेलं निघतं. लेअर आधी तुमच्या यूटीएम झोनमध्ये रीप्रोजेक्ट करा (प्रश्न ८) आणि मग ५०० टाका.

११. टोपोशीट जिओरेफरन्स केली, आरएमएस एररही कमी आला, तरी उपग्रह चित्रावर रस्ते आणि नद्या सरकलेल्या दिसतात.

जिओरेफरन्स म्हणजे स्कॅन केलेल्या शीटला खऱ्या जागेचे निर्देशांक देणं, आणि आरएमएस एरर म्हणजे ते देताना उरलेली सरासरी चूक. जुनी टोपोशीट वापरली असेल, तर कारण बहुधा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायला धरलेला पृथ्वीचा आकार (लंबवर्तुळाभ) आणि आरंभबिंदू. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट एव्हरेस्ट लंबवर्तुळाभावर आहेत, ज्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरला होता. उपग्रह चित्रं डब्ल्यूजीएस ८४ वर असतात. कागदावरचा ७३ अंश ४५ मिनिटं आणि मोबाईलवरचा ७३ अंश ४५ मिनिटं या जमिनीवरच्या दोन वेगळ्या जागा आहेत. महाराष्ट्रात हा फरक साधारण शंभरेक मीटरचा पडतो. शीट जिओरेफरन्स करताना ‘कल्याणपूर १९७५’ हा डेटम निवडा आणि मग डब्ल्यूजीएस ८४ मध्ये रीप्रोजेक्ट करा. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सीरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आणि यूटीएममध्येच आहेत, त्यांना हे करायचं नाही. हाती कोणती शीट आहे ते तिच्या समासात वाचा.

आणखी एक ओळखायची रीत. सगळं एकाच दिशेला सारखं सरकलं असेल, तर डेटम. एका कोपऱ्यात बरोबर आणि दुसरीकडे वाकडं असेल, तर तुमचे नियंत्रण बिंदू चुकले; चार कोपऱ्यांसोबत आतल्या पाच-पाच मिनिटांच्या फुल्याही घ्या. रस्ते, देवळं, किल्ल्याचे बुरूज बरोबर आणि फक्त नदीचं वळण वेगळं असेल, तर घाई करून ‘चूक’ म्हणू नका. सर्वेक्षण साठ-सत्तरच्या दशकातलं असेल, तर नदीने पात्र बदललेलं असू शकतं, आणि तोच तुमच्या प्रोजेक्टचा विषय होऊ शकतो.

१२. टोपोशीटचा क्रमांक कसा वाचायचा?

पुण्याची शीट घ्या: ४७ एफ/१४. ४७ म्हणजे १६ ते २० उत्तर आणि ७२ ते ७६ पूर्व असा चार-चार अंशांचा मोठा चौकोन. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग ए ते पी, वायव्य कोपऱ्यातून वरून खाली मोजत. एफ म्हणजे १८ ते १९ उत्तर, ७३ ते ७४ पूर्व. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग, त्यातला चौदावा. हीच १:५०,००० ची शीट. कागदावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.

१३. जनगणनेचा तक्ता जिल्ह्यांच्या शेपफाईलला जोडला, पण काही जिल्ह्यांपुढे ‘नल’ येतं.

‘नल’ म्हणजे रिकामा रकाना. तुम्ही नावावरून जोडणी केली. संगणकाला नाव म्हणजे अक्षरांची रांग, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की जुळत नाही. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीडच्या स्पेलिंगमध्ये ‘आय’ आहे, दुसरीकडे दोन ‘ई’ असतात. रायगडच्या शेवटी तिथे ‘आरएच’ आहे. नावामागे राहिलेली एक मोकळी जागासुद्धा पुरते.

त्यात जिल्हेही बदलले. २०११ च्या तक्त्यात ३५ जिल्हे आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून आज ३६. नव्या शेपफाईलमध्ये पालघर आहे आणि तक्त्यात नाही, तर तिथे ‘नल’ येणारच. त्याहून वाईट म्हणजे ठाण्यापुढे १ कोटी १० लाख लोकसंख्या येते, जी अखंड जिल्ह्याची आहे, आणि ती चूक दिसतही नाही. २०११ चा डेटा असेल तर हद्दीही २०११ च्याच घ्या. किंवा तालुकावार आकडे घेऊन आजच्या जिल्ह्यांची बेरीज स्वतः करा. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावंही आता बदलली आहेत.

उपाय एकच, संकेतांकावरून जोडा. जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७, पुणे जिल्ह्याचा ५२१. तालुक्यांच्या संकेतांकांच्या सुरुवातीला शून्य असतं, ते एक्सेल खाऊन टाकतं. म्हणून तो स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच आकडे आणा. आणि शेपफाईलमध्ये तोच स्तंभ अंकाच्या प्रकारचा असेल, तर डोळ्यांना सारखं दिसूनही जुळणार नाही.

१४. तक्त्यात मराठी नावं टाकली, तर प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतात. मराठीत काम होतच नाही का?

उत्तम होतं. एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. एक्सेलमधून आणताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, नुसता सीएसव्ही नको.

शेपफाईलमध्ये मात्र एक खोडा आहे. स्तंभाच्या नावाला तिथे दहा बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रा वेगळी मोजली जाते. म्हणजे तीन चिन्हांतच नाव संपतं, ‘तालुका’ हे ‘ताल’ होऊन बसतं. मजकुरालाही २५४ बाइटची मर्यादा. जिओपॅकेजमध्ये हा त्रास नाही. गावांची नावं मराठीत लिहा असं मी मुद्दाम सांगते. ‘वडगाव’ आणि ‘वाडगाव’ इंग्रजीत एकसारखे लिहिले जातात आणि मग कोणतं कोणतं ते कुणालाच कळत नाही.

१५. लोकसंख्येच्या नकाशात पुणे आणि मुंबई उपनगर एकाच गडद रंगात आले. बरोबर आहे ना?

आकडे बरोबर, नकाशा दिशाभूल करणारा. २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४.२९ लाख, मुंबई उपनगरची ९३.५७ लाख. पण पुण्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आणि उपनगरचं फक्त ४४६. रंग भरलेल्या नकाशात डोळा रंगाबरोबर आकारही वाचतो, त्यामुळे वेल्ह्याच्या डोंगरातही कुर्ल्याइतकी गर्दी असल्यासारखं दिसतं. रंगांसाठी घनता, टक्केवारी असं कशाच्या तरी प्रमाणातलं माप वापरा: पुणे ६०३, उपनगर सुमारे २०,९८० दर चौरस किलोमीटरला. नुसती संख्याच दाखवायची असेल, तर लहान-मोठी वर्तुळं काढा.

१६. उंचीच्या रास्टरवरून स्लोप काढला, तर सगळीकडे ८९-९० अंश येतात. आमचा तालुका तर सपाट आहे.

पुन्हा एककाचीच गडबड. एसआरटीएम किंवा कार्टोसॅटच्या रास्टरमध्ये उंची मीटरमध्ये असते, पण चौकोनाची बाजू अंशांत. संगणकाला वाटतं, ०.०००२८ पाऊल पुढे गेलं की उंची पाच पावलं वाढते. रास्टर यूटीएममध्ये आणा, मग उतार काढा.

उतार बरोबर आल्यावरही एक सावधगिरी. २०१४ च्या माळीण आणि २०२३ च्या इर्शाळवाडी दुर्घटनेनंतर बरेच विद्यार्थी दरडींवर प्रोजेक्ट घेतात, आणि ते घ्यावेतच. पण नुसता ३० अंशांहून जास्त उतार पाहून एखाद्या गावाच्या नावापुढे ‘धोकादायक’ लिहू नका. पाऊस, मातीचा थर, खडक, उताराला घातलेले छेद यांचा विचार न करता केलेला तो शिक्का असतो आणि त्या गावात माणसं राहतात. ‘तीव्र उताराजवळची वस्ती’ एवढंच म्हणा, कारण तुम्ही तेवढंच मोजलं आहे.

१७. एनडीव्हीआय काढून जंगल कमी झालं असं दाखवलं, पण सर म्हणतात निष्कर्ष चुकीचा. सूत्र तर बरोबर होतं!

एनडीव्हीआय म्हणजे उपग्रह प्रतिमेवरून काढलेला हिरवळीचा निर्देशांक. सूत्र सोपं आहे: निअर इन्फ्रारेडमधून लाल वजा करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. सेंटिनेल-२ मध्ये पट्टे ८ आणि ४, लँडसॅट ८ मध्ये ५ आणि ४. चूक बहुतेक वेळा तारखेत असते. आपल्याकडचं सागाचं जंगल उन्हाळ्यात पानं टाकतं. जुनी प्रतिमा नोव्हेंबरची आणि नवी एप्रिलची असेल, तर मेळघाटसुद्धा उजाड झालेला दिसेल. दोन्ही वर्षांची प्रतिमा एकाच पंधरवड्यातली घ्या. पावसाळ्यात ढगांमुळे स्वच्छ प्रतिमा मिळत नाही, म्हणून ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ सोयीचा.

तारीखही बरोबर असेल, तर हा बारकावा तपासा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुन्या प्रतिमेशी तुलना केली, तर फसगत होते. निअर इन्फ्रारेड ४००० आणि लाल ८०० असेल तर एनडीव्हीआय ०.६७. त्याच जंगलाचे नवे आकडे ५००० आणि १८०० आले आणि तसेच वापरले, तर ०.४७. एकही झाड न तोडता जंगल विरळ झालं! काही संकेतस्थळं ही वजाबाकी आधीच करून देतात, म्हणून डाउनलोडच्या पानावरचं वर्णन वाचा.

१८. प्रोजेक्टला विषय सुचवा.

विषय तुमच्या तालुक्यातच आहे. एक नमुना देते. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे. तुमच्या तालुक्यातली उपकेंद्रं मोबाईलने नोंदवा, वस्त्या टाका आणि तीन किलोमीटरच्या बाहेर कोण राहतं ते पाहा. आधी सरळ रेषेच्या बफरने करा, मग रस्त्याच्या अंतराने. घाटमाथ्यावर दोन्ही उत्तरांत केवढी तफावत येते ते पाहून तुम्हीच थक्क व्हाल. दरीपलीकडची वाडी नकाशात दीड किलोमीटरवर, रस्त्याने अकरा.

‘महाराष्ट्रातील भू-वापर बदल’ असले अवाढव्य विषय घेऊ नका. एका गावाचं काम पायी फिरून तपासता येतं.

१९. भारताची सीमा कुठूनही डाउनलोड केली तर चालते का?

नाही. परदेशी संकेतस्थळांवरच्या बऱ्याच फाईलींत जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचलच्या सीमा वेगळ्या असतात. सर्वेक्षण विभागाचीच सीमा वापरा, जर्नलसाठीही आणि फेसबुकवर टाकायच्या नकाशासाठीही.

२०. मी उपग्रह चित्रावरून आमचं शेत काढलं. सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर आहे, क्यूजीआयएस १.३३ हेक्टर दाखवतं. शेजाऱ्याने अतिक्रमण केलं नाही हे कळलं, पण जास्तीची जमीन आली कुठून?

हा प्रश्न पुरंदर तालुक्यातल्या एका मुलाने विचारला होता. त्याच्या वडिलांनी तो आकडा पाहून तीन दिवस फाळणीचे जुने कागद शोधले.

जमीन वाढली नव्हती. त्याने शेत ३८५७ मध्ये काढलं होतं आणि फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ‘एरिया’ हे फंक्शन वापरलं होतं, जे सपाट कागदावर मोजतं. सासवडच्या अक्षांशावर वेब मर्केटर क्षेत्रफळ ११ टक्के फुगवतं, १.२० ला १.११ ने गुणा, १.३३ येतात. डॉलरचं चिन्ह लावलेलं ‘$एरिया’ मात्र प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या लंबवर्तुळाभावर मोजतं, म्हणून ते १.२० च्या जवळ आलं. एकाच फाईलीतून, एकाच खिडकीतून दोन उत्तरं. कोणतं वापरलं ते वहीत लिहिल्याशिवाय क्षेत्रफळाचा आकडा देऊ नका.

यूटीएम घेऊनही फरक उरतो. सव्वा हेक्टरच्या आतबाहेरच्या शेताची एक बाजू साधारण ११० मीटर. बांध दाखवताना चारही बाजूंना तुम्ही तीन-तीन मीटर बाहेर गेलात, तर १३ आर वाढतात. झाडांच्या सावलीत बांध कुठे संपतो ते चित्रात दिसत नाही, आणि पार्श्वभूमीचं चित्र स्वतःही काही मीटर सरकलेलं असू शकतं. शिवाय सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा लिहिलेला असतो. तुम्ही लागवडीचं क्षेत्र पाहत आहात की एकूण, ते आधी बघा.

हद्दीचा वाद असेल, तर हा नकाशा पुरावा म्हणून कुणापुढे ठेवू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज असतो आणि क प्रतीचा नकाशा तिथूनच मिळतो. जर्नलसाठी मात्र हे फार चांगलं प्रॅक्टिकल आहे. त्या मुलाने शेवटी चार आकडे शेजारी शेजारी लिहिले: सातबाऱ्यावरचा, सपाट मोजणीचा, लंबवर्तुळाभावरचा, आणि वडिलांसोबत टेप धरून मोजलेली पूर्वेकडच्या बांधाची लांबी.